कोमट

अंड्याचा डाग गरम पाण्याने धुवायचा नसतो. तो शिजतो आणि कापडात घर करून बसतो.

पावाचा घास गिळायची घाई न करता चघळत राहिलं, की गोड लागायला लागतो. साखर कुणी घातलेली नसते.

तुरुंगातल्या भेटीची वेळ वीस मिनिटं. मध्ये जाळी. हात दिसतात, धरता येत नाहीत.

स्टुलावर ओला एप्रन. बांधायचे बंद आत, कडा जुळवलेल्या, तीन घड्या.

टाकीत तीनशे दहा फिल्म लटकलेल्या. एक सोडून सगळ्या काचेसारख्या स्वच्छ. खालच्या पाण्याला राखेचा रंग.

२० अंश

फोन सोमवारी दुपारी सव्वा वाजता आला. माझ्या घरात खून झालाय, असं एक म्हातारा आवाज म्हणाला. तपासनीस बाईंनी मयताचं वय विचारलं.

"चाळीस वर्षं," आवाज म्हणाला. "माझं सगळं काम."

बाई गेल्या. ऑफिसात त्यांना मागून थर्मामीटर म्हणतात, कारण कुठल्याही जागी गेल्या की त्या आधी हात लावून वस्तू गरम आहे की गार ते बघतात. पोलिसांत येण्याआधी सहा वर्षं त्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होत्या. तिथली सवय.

घर दुमजली. खाली राहणं, वर फोटो स्टुडिओ आणि त्यामागे डार्करूम. फोन करणाऱ्याला सगळं गाव मास्तर म्हणतं. गेल्या चाळीस वर्षांत गावात लग्न, अपघात, मोर्चा, काहीही झालं तरी मास्तरांचा कॅमेरा आधी पोचलेला असायचा. पुढच्या महिन्यात या फोटोंचं मोठं प्रदर्शन होतं. त्यासाठी सगळ्या जुन्या निगेटिव्ह धुऊन स्वच्छ करायच्या होत्या. हे काम मास्तरांनी पुतण्याला सांगितलं आणि शुक्रवारी सकाळी ते प्रदर्शनाचा हॉल बघायला परगावी गेले. परत आले ते आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी.

बाईंनी टाकीत हात घातला. मग पर्समधून थर्मामीटर काढून बुडवला. चाळीस.

टाकीच्या तळाशी पाणी तापवायचा रॉड होता. त्याचा काटाही चाळीसवर.

मास्तरांनी समजावून सांगितलं, आणि समजावताना पुतण्याकडे एकदाही बघितलं नाही. फिल्म म्हणजे प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर. चित्र असतं ते त्या थरात, प्लास्टिकमध्ये नाही. थर गेला की चित्र गेलं. आणि असा थर कोमट पाण्यात चार तासांत कधीच सुटत नाही. मास्तरांनी आयुष्यभर फिल्म धुतल्या होत्या, त्यांना माहीत होतं. साचलेल्या पाण्यात तीन-चार दिवस ठेवलं तर जिलेटिन कुजतं, तेव्हा सुटतं.

"हा सांगतो की आज सकाळी नऊला टाकीत सोडल्या," मास्तर म्हणाले. "खोटं आहे. माझी पाठ वळल्या वळल्या, शुक्रवारीच बुडवल्यात. वर रॉड चाळीसवर, लवकर कुजाव्यात म्हणून."

"तो असं का करेल?"

"पोस्टरवर स्वतःचं नाव पाहिजे होतं त्याला. मी नाही म्हटलं."

पुतण्या चौतिशीचा, ओठांवर दाट मिशी, डोळे लाल. घरी दोन वर्षांच्या जुळ्या मुली. भांडण झालं होतं हे त्याने लगेच कबूल केलं. बाकी काहीच नाही. सकाळी नऊला फिल्म टाकीत लावल्या, रॉड वीसवर ठेवला, सव्वानऊला फ्रेम आणायला गेला, एकला परतला. बस.

मास्तरांनी लेखी तक्रार दिली. बाईंच्या वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, की सहा वाजेपर्यंत दुसरं काही हाती लागलं नाही तर पुतण्याला आत घ्या.

निघताना बाईंनी दोन गोष्टी टिपल्या. पहिली, एक फिल्म वाचली होती. तळहाताएवढी, जुनी, टाकीच्या अगदी मधोमध लटकलेली. शेजारच्या दोन्ही कोऱ्या झालेल्या, हिच्यावरचं चित्र मात्र जसंच्या तसं. मास्तरांनी ती मागितली. निदान तेवढी तरी आठवण माझ्याकडे राहू द्या, म्हणाले. पाच मिनिटांत तिसऱ्यांदा मागितली, तेव्हा बाईंनी ती पुराव्याच्या पाकिटात घातली.

दुसरी, स्टुलावरचा एप्रन.

"हा तुमचा?"

"माझा," पुतण्या म्हणाला. "जाताना फेकला होता तिथे."

"फेकला? मग घडी कुणी घातली?"

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, खालून जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, की या दोघा पुरुषांनी जन्मात रुमालाची घडी घातलेली नाही, आणि मी घातली म्हणाल तर माझे गुडघे गेली चार वर्षं जिना चढलेले नाहीत.

४० अंश

डार्करूमला दिवसा कुलूप नसतं. जिना बाहेरच्या बाजूने आहे. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीत बसतात आणि त्या जिन्यावर त्यांची नजर असते. जिना चढता येत नाही म्हणून बघतात तरी, असं त्याच म्हणाल्या. शुक्रवारपासून आज मास्तर परतेपर्यंत वर गेले फक्त दोघं. पुतण्या रोज, तासन् तास. आणि आज साडेनऊला लाँड्रीवाली मावशी. दर सोमवारी ती धुतलेले एप्रन आणि डार्करूमचे काळे पडदे आणून देते.

"किती वेळ होती वर?"

"दहा मिनिटं. जास्तीत जास्त."

दहा मिनिटांत कुणी चाळीस वर्षं पुसतं का, असं काकूच म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. पुतण्याला त्यांनीच वाढवला होता.

लाँड्री दोन गल्ल्या सोडून. आत वाफ, ओल्या सुताचा वास, भिंतीला टेकून पावडरींचे डबे. मावशी पन्नाशीची, सडसडीत. इस्त्री चालूच ठेवून बोलली. हो, गेले होते. पडदे टांगले, एप्रन ठेवले, आले. टाकी बघितली. पुतण्यानेच मागच्या आठवड्यात हौसेने सांगितलं होतं, की सोमवारी काकांच्या सगळ्या फिल्म एकदम एकाच टाकीत घालणार आहे.

"वाईट झालं," मावशी म्हणाली. "त्याला धरणार का?"

"मास्तर म्हणतात, त्यानेच केलं."

"मास्तर म्हणतात," मावशी म्हणाली. इस्त्री एक क्षण थांबली, मग पुढे गेली. "मास्तरांच्या शब्दाला वजन आहे गावात. पूर्वीपासून."

तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्टी होती. बाईंनी विचारलं. पावडरीने कातडी जाते, मावशी म्हणाली, हातमोजे घालायला हवेत पण घातले की कापड कळत नाही. रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग असले की निळ्या डब्यातली पावडर, कोमट पाण्यात. एवढं सांगून तिने इस्त्री केलेला शर्ट उचलला आणि घडी घातली. बाह्या आत, कडा जुळवल्या, तीन घड्या. हाताकडे बघतही नव्हती.

बाईंनी निळ्या डब्यातली चमचाभर पावडर मागून घेतली. मावशीने ती कागदात बांधून दिली. पुडी सुरेख बांधली होती.

बाहेर आल्यावर बाई थोडा वेळ गल्लीत उभ्या राहिल्या. घडीने माणूस पकडता येत नाही. मावशी मायेने घडी घालून आली असेल. शिवाय दहा मिनिटांचा प्रश्न होताच. पुतण्याकडे तीन दिवस होते, मावशीकडे दहा मिनिटं, आणि मास्तर म्हणत होते की तीन दिवस लागतात.

ते फिल्मबद्दल खोटं बोलत नव्हते. बाईंनी दुसऱ्या दोन स्टुडिओंना फोन करून विचारलं होतं.

१०० अंश

ऑफिसातलं टेबल. टाकीतल्या पाण्याची बाटली. पुतण्याच्या कचऱ्याच्या डब्यातून आणलेले जुन्या फिल्मचे तुकडे. चार पेले.

पहिल्यात टाकीतलं पाणी, जसंच्या तसं.

दुसऱ्यात टाकीतलंच पाणी, पण आधी खळखळून उकळलेलं आणि मग कोमट होऊ दिलेलं.

तिसऱ्यात नळाचं कोमट पाणी.

चौथ्यात नळाचं कोमट पाणी आणि चिमूटभर निळी पावडर.

प्रत्येकात फिल्मचा एक तुकडा. चारही पेले कोमट पाण्याच्या परातीत. वेळ दोन पन्नास.

शिपायाने विचारलं, की चहा कशात देऊ. बाईंनी वर बघितलं नाही.

वाट बघताना त्यांनी वाचलेली निगेटिव्ह भिंगाखाली धरली. त्यात जळणारं एक गोदाम, बाजूला गर्दी, आणि गर्दीच्या पुढे आगीकडे धावणारा एक माणूस. त्याच्या हातात डबा. फोटो ओळखीचा वाटला. जुन्या फायलींत तो सापडला, बारा वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर. शेजारी खटल्याचे कागद. गोदाम पेटवल्याबद्दल एका लाँड्रीवाल्याला पाच वर्षांची शिक्षा. मुख्य पुरावा हा फोटो. दीड वर्षाने तो तुरुंगातच तापाने गेला.

बाईंनी पुतण्याला फोन लावला आणि एकच गोष्ट विचारली. कुठल्या फिल्मचा थर इतरांपेक्षा चिवट असतो? फॉर्मालिनमध्ये बुडवलेल्या फिल्मचा, तो म्हणाला. थर कडक होतो. पण तसं कोण करतं, फक्त थरावर चाकू-ब्रशचं काम करायचं असेल तरच, नाहीतर थर फाटतो. काकांनी कधी केलेलं मी पाहिलं नाही.

चार पस्तीस. पहिल्या पेल्यातला तुकडा कोरा. चौथ्यातला कोरा. दुसऱ्या आणि तिसऱ्यातले जसे होते तसे काळे.

बाईंनी उकळलेल्या पेल्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मावशीला निरोप धाडला, की साडेपाचला स्टुडिओत या, एका पडद्याबद्दल विचारायचंय.

३७ अंश

स्टुडिओत पाच जण. मास्तर खुर्चीत. काकू गुडघे धरत, दोनदा थांबत वर आल्या होत्या. पुतण्या भिंतीशी. मावशी दाराजवळ उभी, बस म्हटलं तरी बसली नाही. बाई टेबलाशी, समोर चार पेले.

"आज दिवसभर आपण चुकीचा प्रश्न विचारला," त्या म्हणाल्या. "सगळ्यात जास्त वेळ कुणाकडे होता? विचारायचं होतं ते असं, की सगळ्यात कमी वेळ कुणाला पुरला असता."

त्यांनी पेले एकेक करून पुढे सरकवले. नळाच्या कोमट पाण्याने काही झालं नाही, म्हणजे मास्तर खरं बोलले. टाकीतल्या पाण्याने दीड-पावणेदोन तासांत फिल्म कोरी केली, म्हणजे पुतण्याही खरं बोलला. पाण्यात काहीतरी होतं. आणि तेच पाणी उकळलं की त्यातलं ते काहीतरी निकामी झालं. आम्ल उकळलं तरी आम्लच राहतं, सोडा सोडाच राहतो. उकळून निकामी होतं ते सजीवांच्या पेशींनी बनवलेलं.

"एन्झाइम," बाई म्हणाल्या. "शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात."

मास्तर म्हणाले, की मला शाळा शिकवू नका.

बाईंनी शिकवलीच. मास्तरांनी दुपारी जे खाल्लं ते नुसतं कोमट पाण्यात ठेवलं असतं आणि कुजू दिलं नसतं, तर त्याचे तुकडे व्हायला वर्षंच्या वर्षं लागली असती. पोटात ते काही तासांत होतं. शरीरातल्या एकेका पेशीत अशी हजारो एन्झाइम सतत काम करतात, नाहीतर श्वास घ्यायलासुद्धा माणूस जगला नसता. ती नवीन काही घडवत नाहीत. जे घडायचंच असतं पण मध्ये डोंगर असतो, त्या डोंगराला ती बोगदा पाडतात. प्रत्येकाचं एकच काम. पिठूळ पदार्थ तोडणारं मांसाला हात लावत नाही. मांस, अंडं, रक्त तोडणारं सुती कापडाला हात लावत नाही. साखळी पकडायची, तोडायची, सोडायची, पुढची पकडायची, सेकंदाला कितीतरी वेळा. आणि स्वतः झिजायचं नाही. म्हणून मूठभर पावडर पुरते. फक्त पाणी कोमट हवं, अंगाच्या उष्णतेच्या आसपास. थंडीत ते सुस्तावतं, उकळीत मोडतं.

"आणि जिलेटिन," त्या म्हणाल्या, "कातडी आणि हाडं उकळूनच काढतात. चौथ्या पेल्यातल्या लाँड्रीच्या पावडरीच्या दृष्टीने मास्तरांची चाळीस वर्षं म्हणजे कपड्यावरचा अंड्याचा डाग."

पुतण्याने मान वर केली आणि मावशीकडे बघितलं. मग काकूंनी.

बाईंनी सांगितलं, की दहा मिनिटं भरपूर होती. पावडर टाकायची, रॉड वीसवरून चाळीसवर न्यायचा, पडदे टांगायचे, निघून जायचं. बाकीचं काम पावडर करते. ही पावडर शंभरजण विकत घेतील. पण पाणी नेमकं किती गरम हवं ते ज्याचा हात रोज त्यात असतो त्यालाच ठाऊक. दुसरा कुणी असता तर त्याने जास्त तापवून सगळं फुकट घालवलं असतं. आणि दुसऱ्या कुणी, अशा कामाला आलेलं असताना, स्टुलावरच्या ओल्या एप्रनची घडी घातली नसती.

मावशीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "घातली का मी?" ती म्हणाली. खरोखर आठवत नव्हतं तिला.

"तीन घड्या."

"हातच मेले तसले."

नाकारणं तिने मनातही आणलं नाही. मास्तर उठायला लागले, तर ती म्हणाली, "बसा मास्तर. दहा वर्षं तुमचे एप्रन धुतले, आता दोन मिनिटं ऐका. माझा माणूस दर भेटीला जाळीपलीकडून हात दाखवायचा. म्हणायचा, बघ, रिकामे होते. दीड वर्ष मी रिकामे हात बघितले. तो गेला त्याच्या पुढच्या सोमवारी मी तुमच्या दारात आले, पडदे धुवायला द्या म्हणून. तुम्ही मला ओळखलंसुद्धा नाही."

ती वाट बघत राहिली होती. एखादी फिल्म नासवायची नव्हती, सगळ्या एका जागी हव्या होत्या. आणि त्याहून मोठं म्हणजे, मास्तरांनी पुन्हा एकदा बोट दाखवायला हवं होतं, तेवढ्याच खात्रीने, यावेळी आपल्याच रक्ताच्या माणसाकडे.

"दाखवलंत की नाही?" ती म्हणाली. "अर्धा तासही लागला नाही तुम्हाला."

पुतण्या म्हणाला, "मावशी, माझ्या मुली आहेत घरात."

"माझी पण होती. सहा वर्षांची."

बाईंनी विचारलं, की याला किती दिवस आत राहू देणार होतात.

"दीड वर्ष," मावशी म्हणाली. हिशेब तयार होता. "त्यापुढे एक दिवस नाही. स्वतः चौकीत येऊन सांगितलं असतं."

काकूंनी तोंडावर पदर धरला. नवऱ्याकडे बघावं की या बाईकडे, हे त्यांना कळत नव्हतं.

बाईंनी पाकीट उघडलं आणि निगेटिव्ह बाहेर काढली. एक वाचली, त्या म्हणाल्या. मावशी जवळ आली, तिने ती उजेडात धरून पाहिली आणि पहिल्यांदा तिचा आवाज कापला.

"हीच? सगळ्या गेल्या आणि हीच राहिली?"

"हीच राहणार होती. फॉर्मालिन लावलं की जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. एन्झाइमला तोडायला टोक सापडत नाही. या घरात एकाच फिल्मला ते लावलं गेलं. का लावलं, मास्तर?"

मास्तरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाईंनी मावशीच्या हातात भिंग दिलं. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं दिसतं. धावणाऱ्या माणसाच्या हाताशी डब्याच्या आकाराची एक स्वच्छ जागा होती, आणि तिच्या कडांवर चाकूचे बारीक ओरखडे. तेवढा थर खरवडून काढलेला होता. खरवडलेलं फोटोत काळं उमटतं. कोर्टात फोटो गेला होता, निगेटिव्ह कुणीच मागितली नव्हती. ती बाराही वर्षं इतर तीनशे नऊंच्यात पडून होती, आणि मास्तर परगावी असताना पुतण्याने ती बाकीच्यांबरोबर धुवायला काढली.

"म्हणून तीनदा मागितलीत माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

"आग कुणी लावली मला माहीत नाही," मास्तर शेवटी म्हणाले. "मी फक्त फोटो काढत होतो. रिकाम्या हाताचा माणूस पहिल्या पानावर येत नाही. नंतर कोर्टाने बोलावलं, तेव्हा मागे कसा फिरणार होतो?"

पुतण्या भिंतीपासून हलला, काकूंना हात देऊन उठवलं आणि मास्तरांच्या खुर्चीला वळसा घालून जिन्याकडे घेऊन गेला.

"बाई," मावशीने विचारलं, "ही पण विरघळली असती तर?"

"तर त्यांचे हात रिकामे होते हे पुन्हा कधीच सिद्ध झालं नसतं."

मावशीने मान हलवली. मग म्हणाली, की मला माहीत असतं तरी मी पावडर टाकली असती. बाईंनी ते वाक्य जबाबात लिहिलं, कारण ती तसं म्हणाली होती. त्यांनी दोन तक्रारी नोंदवल्या. एक मावशीवर. दुसरी मास्तरांवर, कोर्टात खोटा पुरावा दिल्याची. चौकीकडे जाताना गाडीत दोघांना शेजारी बसावं लागलं, कारण गाडी एकच होती.

गोदामाला आग दोन वाजून वीस मिनिटांनी लागली. त्या दुपारी लाँड्रीवाला एक वाजल्यापासून शाळेच्या गणवेशाचे अकरा शर्ट इस्त्री करत होता, आणि अकराव्याची कॉलर झाल्यावरच तो आग बघायला धावला.